कॉलेजच्या पोरांना रास्पबेरी पायचा कीबोर्डवाला कॉम्प्युटर कसा विकायचा?

नऱ्हेकर_कंपोनंट्स

नमस्कार मंडळी. पुण्याजवळ नऱ्ह्यात माझं छोटं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. आजूबाजूला इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाची कॉलेजं, त्यामुळे आर्डुइनो, सेन्सर, ब्रेडबोर्ड, जंपर वायर भरपूर जातात, प्रोजेक्ट सबमिशनच्या महिन्यात तर बसायला मिळत नाही. रास्पबेरी पायचे बोर्डही, म्हणजे एका छोट्या पट्टीवर बसवलेला कॉम्प्युटर, जातात. पण त्याच कंपनीचा जो कीबोर्डमध्येच अख्खा कॉम्प्युटर येतो तो पाय ५००, तो कुणी विचारतच नाही. पोरांना वाटतं रास्पबेरी पाय म्हणजे प्रोजेक्टला लावायची हिरवी पट्टी, हा घरी वापरायचा कॉम्प्युटर आहे हे डोक्यातच येत नाही. मी स्वतः दुकानात बिल बनवायला, स्टॉकची शीट ठेवायला हाच वापरतो, ८ जीबी रॅम आहे, क्रोमियम, लिबरऑफिस, पायथन सगळं छान चालतं, फॅनचा आवाज नाही. मनापासून वाटतं की कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेचं भाडं देऊन राहणाऱ्या, घरून पैसे मोजून येणाऱ्या पोराला हे मशीन उपयोगी पडेल. पोस्टर लावलं, व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं, काही झालं नाही. ॲडमिशन सुरू झाल्या की सगळे आईवडिलांना घेऊन लॅपटॉपच्या दुकानात जातात आणि ठरलेल्या चार ब्रँडपैकी एक घेऊन येतात. तर त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं? जाहिरातीवर ओतायला पैसा नाहीये.

टीई_कॉम्प

दादा, मी तुमच्या गिऱ्हाइकातलाच आहे समजा, थर्ड इयर कॉम्प्युटर. पहिली गोष्ट म्हणजे "स्वस्त लॅपटॉप" म्हणून विकू नका, कारण तो लॅपटॉप नाहीये. स्क्रीन नाही, बॅटरी नाही, कॅमेरा नाही, माइक नाही, हेडफोनचं भोकसुद्धा नाही, ब्लूटूथ किंवा यूएसबीवालाच लागतो. पोरगं मॉनिटर धरून हिशोब करतं आणि तेवढ्याच पैशात पंधरा-वीस हजाराचा रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप दिसतो, तोही विंडोजवाला. तिथे तुम्ही हरणारच.

आणि प्लेसमेंटच्या ऑनलाइन टेस्टला बऱ्याच ठिकाणी विंडोज आणि वेबकॅम मागतात, तेव्हा ज्याच्याकडे फक्त पाय आहे तो ऐनवेळी मित्राचा लॅपटॉप मागत फिरणार आणि सगळ्या हॉस्टेलला सांगणार की त्या दुकानातून घेऊ नका. म्हणून हे आधीच तोंडावर सांगा.

पण एक सांगतो, ज्यांच्याकडे जुना रडतखडत चालणारा लॅपटॉप आहे ना, त्यांना दुसरं मशीन हवंच असतं. लिनक्ससाठी आम्ही काय करतो, व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, टाकतो, ४ जीबी रॅममध्ये ते गुदमरतं, मग ड्युअल बूट करायला जातो आणि कुणाचातरी डेटा उडतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॅबचं शेल स्क्रिप्ट, फोर्क, थ्रेड, सेमाफोर, सॉकेट प्रोग्रॅमिंग, डीबीएमएस, पायथन हे सगळं पायवर सरळ चालतं, कारण त्यावर लिनक्सच असतं. बीसीएसवाल्यांना पोस्टग्रेस हा डेटाबेस लागतो, तोही चालतो. मला कुणी सेकंड इयरला सांगितलं असतं तर मी घेतला असता.

फक्त मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये अडेल. आमच्याकडे नॅझम या सॉफ्टवेअरमध्ये इंटेलचं असेंब्ली, म्हणजे इंटेल प्रोसेसरची स्वतःची भाषा असते, पायचा प्रोसेसर एआरएम या वेगळ्या प्रकारचा आहे, कोड असेंबल होईल पण रन नाही होणार, क्यूईएमयू हे इंटेलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर टाकावं लागेल. हे गिऱ्हाइकाने येऊन तुम्हाला सांगण्याआधी तुम्ही त्याला सांगा, मग तो तुमच्यावर विश्वास ठेवेल.

लॅब_इनचार्ज

वरच्या विद्यार्थ्याने बरोबर सांगितलंय. मी ईएनटीसीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमला शिकवते, तर कॉलेजच्या बाजूने लिहिते.

तुम्ही दहा हजार पोरांकडे बघताय, त्याऐवजी ब्रँचकडे बघा. मेकॅनिकल, सिव्हिलच्या मुलांना हा विकूच नका, ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स यावर चालत नाही. व्हीएलएसआयच्या, म्हणजे चिप डिझाइनच्या लॅबला लागणारं व्हिव्हाडो सॉफ्टवेअरही नाही चालत. मॅटलॅब मशीनवर टाकता येत नाही, ब्राउझरमधलं चालतं, किंवा त्याच्यासारखंच फुकटचं ऑक्टेव्ह वापरायचं. पण एम्बेडेड, आयओटी, पीसीबी डिझाइनची मुलं वेगळी. पाठीमागे जीपीआयओ, म्हणजे सेन्सर वगैरे जोडायच्या ४० पिना आहेत, म्हणजे जो कॉम्प्युटर त्यावरच सेन्सर लावता येतो, लॅपटॉपला ते सरळ जमत नाही. पीसीबी डिझाइनचं कायकॅडही चालतं. ही मुलं तुमच्या दुकानात आधीपासून येतातच! बोर्ड, अडॅप्टर, एसडी कार्ड, केस, कीबोर्ड, माऊस असं सुटं सुटं घेऊन जातात, त्या बिलाची बेरीज करून शेजारी पाय ५०० ठेवून दाखवा, बाकी काही बोलायची गरज नाही.

दुसरं, शिकायचं साहित्य. मशीन घेतलं आणि पुढे काय करायचं हे कळलं नाही की ते आठ दिवसांत कपाटावर जातं. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, लिनक्स, पायथन, सी, लिबरऑफिस, बरेचसे मराठीतसुद्धा, फुकट, नेटशिवाय चालवता येतात. डिप्लोमाला गावाकडून मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना याचा किती आधार होतो हे मी वर्गात बघते. मशीनच्या एसडी कार्डवर आधीच टाकून द्या.

तिसरं, कॉलेजला थेट विकायचं तर तीन कोटेशन, कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट, परचेस कमिटी, आणि पैसे कधी सुटतील सांगता येत नाही. तुमच्यासारख्या छोट्या दुकानाचं भांडवल त्यात अडकेल. त्यापेक्षा एक मशीन लॅबला एका सेमिस्टरसाठी वापरायला द्या. ज्या मशीनवर प्रॅक्टिकल केलं तेच मशीन मुलं मागतात.

जुनी_मशीन_जुना_छंद

मॅडमचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि त्याला इतिहासाचा पुरावा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

१९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला तेव्हा ऑफिसात आयबीएम, आणि मॅकवर चालणारं सॉफ्टवेअर जेमतेम. दुकानातली किंमत २४९५ डॉलर. ॲपलने काय केलं, अमेरिकेतल्या २४ विद्यापीठांचा एक गट बांधला, ॲपल युनिव्हर्सिटी कन्सोर्टियम, आणि त्यांना मोठ्या सवलतीत मशीन दिली. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाने तर नव्या विद्यार्थ्यांकडे स्वतःचा कॉम्प्युटर पाहिजे असा नियमच केला आणि त्यासाठी मॅक निवडला, पोरांना तो साधारण हजार डॉलरला पडला. सवलत तर मिळालीच, पण माझ्या मते खरं काम त्यानंतरचं आहे, प्राध्यापकांनी आणि पोरांनी स्वतःच्या विषयासाठी स्वतः सॉफ्टवेअर लिहिलं. मशीन अभ्यासात घुसलं. हा सगळा कार्यक्रम डॅनिएल लेविन यांनी चालवला.

आता गंमत बघा, तेच लेविन पुढे स्टीव्ह जॉब्सबरोबर नेक्स्ट कंपनीत गेले, आणि नेक्स्टचं गिऱ्हाईक ठरवूनच विद्यापीठं होती. विद्यापीठं सांगत होती की तीन हजार डॉलरच्या आसपास द्या. १९८८ ला मशीन आलं ते ६५०० डॉलरचं, प्रिंटरचे वेगळे. इतकं चांगलं मशीन की टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये पहिला वेब ब्राउझर त्यावरच लिहिला. पण विद्यार्थ्याच्या खिशात ते बसलं नाही, १९९३ ला कंपनीने मशीन बनवणंच थांबवलं. माणसं तीच, गिऱ्हाईक तेच, फक्त एकदा किंमत विद्यार्थ्याची होती आणि एकदा नव्हती.

म्हणून दादा, किंमतीकडे पहिलं लक्ष द्या. पाय ५०० लाँचला ९० डॉलरचा होता, आपल्याकडे येईपर्यंत ड्युटी, जीएसटी, डिस्ट्रिब्युटर सगळं चढतं, त्यात रॅमचे भाव वाढलेत. पाय ४०० या आधीच्या कीबोर्डवाल्या मॉडेलवर समाधान होणारं गिऱ्हाईकही असतं, फर्स्ट इयरच्या सी आणि पायथनला त्याचे ४ जीबी पुरतात. तोही शेजारी ठेवा.

आणि रास्पबेरी पाय निघाला कशासाठी तेही पोरांना सांगा. केंब्रिजला कॉम्प्युटर सायन्सला येणारी पोरं कमी झाली, आणि जी येत होती त्यांना प्रोग्रॅमिंगचा हात नव्हता, हे रास्पबेरी पाय सुरू करणाऱ्यांपैकी एक, एबेन अप्टन यांना दिसलं. कारण आधीच्या पिढीकडे घरात बीबीसी मायक्रोसारखी मशीन होती, चालू केलं की बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा समोर. बीबीसी मायक्रो बनवणारी एकॉर्न कंपनी, तिच्यातूनच एआरएम प्रोसेसर आला, त्याचेच वंशज आज पायमध्ये आणि तुमच्या मोबाइलमध्ये. मला ही गोष्ट सांगताना अजूनही भरून येतं, आणि ऐकणाऱ्या पोराचे डोळे चमकतात हे मी पाहिलंय.

धायरीचा_सर्व्हिसवाला

दोनच गोष्टी. आपल्या भागात लाइट जाते आणि अचानक बंद झालं की ज्यावर पायची सिस्टिम असते ते एसडी कार्ड खराब होऊ शकतं, मग शिव्या ब्रँडला. लिहिण्याचं काम जास्त असेल तर यूएसबी एसएसडीवरून बूट करून द्या, आणि नव्या तयार कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, स्वतःकडे ठेवा, खराब झालं तर पाच मिनिटांत फुकट टाकून देतो असं बिलावर लिहा. तुमच्यासारख्या गल्लीतल्या दुकानाकडे ऑनलाइनवाल्यापेक्षा जास्त आहे ते एवढंच, आणि ते खूप आहे. दुसरं, डिस्प्लेची वायर मायक्रो एचडीएमआय लागते, साधी बसत नाही, ती बरोबरच द्या. फ्लॅटवर बहुतेक ठिकाणी टीव्ही असतोच, पोरं त्याला लावतात.

नऱ्हेकर_कंपोनंट्स

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं खरं मार्केटिंगवाल्यानेही सांगितलं नसतं. असं ठरवतोय. दुकानाच्या काउंटरवर एक पाय ५०० जुन्या टीव्हीला लावून चालूच ठेवणार, पोरांनी येऊन स्वतःची असाइनमेंट रन करून बघायची. शेजारी मोठ्या अक्षरात काय चालतं आणि काय चालत नाही याचा कागद, ब्रँचप्रमाणे, नॅझम आणि ऑटोकॅडसकट. ट्युटोरियल कार्डवर टाकून देतो. एक मशीन लॅबला द्यायची तयारी आहे, मॅडम, तुम्हाला चालणार असेल तर मेसेज करा, पावती करून रीतसर देतो.

टीई_कॉम्प, तुझ्या वर्गातल्या ज्यांचं व्हर्च्युअल मशीन गुदमरतं त्यांना शनिवारी संध्याकाळी पाठव, विकत घ्यायची सक्ती नाही. आणि तो फोर्कचा प्रोग्रॅम घेऊन ये, मला पण बघायचाय.