उघड्यावरची विनातिकीट मैफल: गोंयकार श्रोत्यांनो, तुमचे अनुभव सांगा

मे महिना आला की देवळांचे वर्धापनदिन, सुट्टीत गावी येणारे कुळावी (कुलदेवतेचे भक्त), आणि कुठे ना कुठे मांडव. फोंडा महालातल्या देवळांचे प्राकार असोत की पणजीतला मांडवीचा काठ, गाणं फुकट आणि बहुतेक वेळा चांगलं असतं. आपण श्रोते कसे असतो, ते इथे लिहूया. नियमावली नको, प्रसंग हवेत. गवयाचं किंवा समितीचं नाव घेऊ नका.

माझ्यापासून सुरुवात करते. परवा एका देवळात वेळेआधी पोचले, तर पुढच्या खुर्च्यांवर रुमाल, ओढण्या, पाण्याच्या बाटल्या. माणसं बाहेर खाजं घेत फिरत होती. दोन आज्या खांबाला टेकून उभ्या. मारवा राग संपत आला तरी त्या रुमालांचे मालक आले नव्हते. मी दोन रुमाल उचलून आज्यांना बसवलं. नंतर एक बाई येऊन म्हणाल्या, "ही आमची जागा." त्यातली एक आजी शांतपणे म्हणाली, "बाये, रुमालाक गाणें कळ्ळें?"

तबलजी, म्हार्दोळ

श्रोत्यांना एकच सांगणं. संध्याकाळी खारं वारं सुटलं की हवेतला दमटपणा पुडीच्या चामड्यात शिरतो, तबल्याचा सूर उतरतो. दोन बंदिशींच्या मध्ये हातोडी घ्यावीच लागते. तेवढ्यात समोरून "चला, सुरू करा" येतं. बाबांनो, तुमच्यासाठीच चाललंय ते.

मात्र गावातल्या श्रोत्याला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. तो भजनात आणि घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवून होणाऱ्या आरतीत वाढलेला असतो. रागाचं नाव नाही सांगता येणार, पण समेवर त्याची मान बरोबर येते. पणजीत पुढच्या रांगेत ज्यांना बसवतात त्यांची मान पुष्कळदा मोबाइलमध्ये असते. व्हिडिओ काढा, पण तो दिवा बंद करा. सरळ डोळ्यात येतो, गवयाचे ओठ दिसेनासे होतात आणि तो गाणं कुठून उचलणार तेच मला कळत नाही.

मडगावकर

आमच्याकडे मेमध्ये पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धांदल. एकदा बागेतल्या कार्यक्रमाला एक गृहस्थ थेट बाजारातून आले, पिशवीत सुके बांगडे आणि गलमो (सुकी बारीक कोलंबी). वारा त्यांच्याकडून आमच्याकडे. ठुमरी कोणती होती आठवत नाही.

आता गंभीर. इथल्या साष्टी तालुक्यात चर्चच्या चौकात मांडो, म्हणजे कोकणी ख्रिस्ती गाणी, ऐकायला आमची मंडळी जातात आणि पहिल्या ओळीपासून ताल धरून टाळ्या मारतात. मांडो संथ असतो, बहुधा विरहाचा. व्हायोलिन आणि घुमट त्याला अलगद धरून असतात. मागून दुलपद येतं तेव्हा लय चढते, तिथे खुशाल टाळ्या द्या, नाचाही. माझ्या शेजारच्या ख्रिश्चन आजोबांनी मला कोपराने ढोसून थांबवलं होतं. तेच आजोबा आमच्या देवळात ख्याल ऐकायला आले, तेव्हा कुणी "वा!" म्हटलं की दचकायचे. त्यांना वाटायचं, कुणीतरी मध्ये बोललं. तिसऱ्या-चौथ्या "वा"नंतर स्वतःच "व्हा, व्हा" करू लागले, तेही भलत्याच ठिकाणी. गवई हसले आणि तीच तान परत घेतली.

समितीतला एक, डिचोली

श्रोत्यांवर फार ओरडू नका, वेळ आम्ही खातो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकारला वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, ती सणासुदीला लागते. आमच्या वाट्याला १० म्हणजे १०. साडेसहाचा कार्यक्रम सात वाजता उघडतो, आमदार साडेसातला येतात, मग शाल, श्रीफळ, समई. निवेदक केरीच्या गायिका केसरबाई केरकरांपासून सुरुवात करतो आणि १९७७ साली व्हॉयेजर यानातून त्यांची भैरवी अवकाशात गेली इथपर्यंत येतो, तोवर मंचावरचे तानपुरे उतरलेले. गवयाला मिळतात जेमतेम दोन तास, त्यात विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, आवरतं घ्यावं लागतं. आणि आमदार सत्कार झाल्यावर सगळ्या लवाजम्यासकट उठतात, तेही आलापीच्या मध्ये.

पेडण्याहून

तुम्ही लोक फार कडक बुवा. आमच्या जत्रेत दशावतारी नाटक रात्रभर चालतं. माणसं झोपतात, उठतात, चहा पिऊन येतात, पोरं मांडीवर लवंडतात. राजा तलवार उपसतो तेव्हा सगळे आपोआप जागे. कुणी कुणाला "शूऽऽ" करत नाही. मोकळ्या आकाशाखाली सभागृहाची शिस्त कशाला?

धागाकर्ती

पेडणेकर, दशावतारी नटाचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असाच लावलेला असतो. आलापाचं तसं नाही. शेजारी वेफर्सचं पाकीट फुटलं की खालचं मंद्र सप्तक गेलं. पोरांबद्दल मात्र तुमच्या बाजूने. पोरं आणा, कडेला बसवा, कंटाळली की फिरवून आणा. माझा राग त्यांना "गप्प बस" म्हणून गाण्याहून मोठ्याने ओरडणाऱ्या आयांवर आहे.

दिवाडी बेटावरचा

भैरवीच्या, म्हणजे शेवटच्या गाण्याच्या, आधी उठणाऱ्यांना सगळे शिव्या घालतात म्हणून लिहितोय. पणजीहून जुन्या गोव्याला यायचं, मग फेरीबोट. रात्री फेऱ्या विरळ होतात, एक चुकली की धक्क्यावर डास मारत बसायचं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांची गत याहून वाईट, खासगी बसेस आठ-साडेआठनंतर मिळणं मुश्कील. आम्ही उठतो ते कंटाळून नव्हे. म्हणून मी पहिल्यापासून मागच्या कोपऱ्यात बसतो, बंदिश संपली की टाळ्यांच्या आवाजात निघतो. एकदा तसा निघालो तर दारातल्या स्वयंसेवकाने अडवलं, "काका, असं मध्ये उठणं शोभत नाही." त्याला घड्याळ दाखवलं. तो सांत इस्तेव्हचा, म्हणजे तोही बेटावरचाच निघाला. "चला, मीही येतो" म्हणाला.

समितीतला एक, डिचोली

दिवाडकर, पुढच्या वेळी भैरवी सव्वानऊला ठेवतो. सत्कार आटपता घ्यायचं तेवढं तुम्ही आमच्या अध्यक्षांना सांगा, माझं ते ऐकत नाहीत.