बाबांनी कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली, मदत हवी आहे

इंदूरहून लिहितोय, लोकमान्यनगर. बाबा ७१ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या धमनीत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवला, तेव्हापासून सकाळी ॲस्पिरिन आणि बीपीची गोळी, रात्री कोलेस्टेरॉलची गोळी, ॲटोरव्हास्टॅटिन ४०. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४२ होतं, ते ७० वर आलं. आम्ही निर्धास्त.

परवाच्या लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएल १३६! मी आधी सराफा बाजारातल्या गराडूवर (तळलेला कंद) खापर फोडलं. काल आईने स्वयंपाकघर आवरताना जिरावणाची (पोह्यांवरच्या इंदुरी मसाल्याची) जुनी बाटली उघडली, तर आत पांढऱ्या गोळ्या. मोजल्या, ४३ निघाल्या. बाबांनी रोज रात्री आईसमोर स्ट्रिप फोडायची, गोळी मुठीत ठेवून नुसतं पाणी प्यायचं, असा दीड महिना चालला होता. रिकाम्या स्ट्रिपा मात्र डॉक्टरांच्या पर्च्याला रबर लावून जपून ठेवलेल्या.

विचारलं तर म्हणे, "जिना चढताना पोटऱ्या भरून येतात. पोह्याच्या गाडीवर सगळे सांगतात, ही गोळी लिव्हर खाते." बाकीच्या गोळ्या घेतो म्हणतात, पण मी आता घरातल्या सगळ्या बाटल्या तपासतोय.

आमचे डॉक्टर बाहेरगावी, सोमवारी येतील. तोवर गोळी आपणच सुरू करावी का? की पोटऱ्यांसाठी दुसरी मागावी? एक गोष्ट खटकतेय, गोळी बंद होऊन दीड महिना झाला तरी दुखणं तसंच आहे.

लसूणप्रेमी: रोज दोन पाकळ्या कच्चा लसूण. माझं २४० चं १९० झालं.

मेडिकलवाली_ग्वाल्हेर: लसूण चटणीत घाला, स्टेंटवाल्याला गोळीऐवजी देऊ नका. २१ वर्षं काउंटरवर उभी आहे, म्हणून लिहिते. स्टॅटिनने, म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या गोळ्यांनी, स्नायू दुखतात हे खरं. पण बहुधा दोन्ही बाजूंना, मांड्या-दंडात, आणि गोळी थांबवली की काही आठवड्यांत कमी होतं. सीपीके (स्नायूंची) आणि टीएसएच (थायरॉइडची) या रक्ततपासण्या करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर एलडीएलही चढतं आणि स्नायूही कुरकुरतात. लघवी गडद, कोकमासारखी झाली तर मात्र थेट दवाखाना. लिव्हरला गंभीर इजा क्वचितच होते, एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी करून शंका फिटते. खरंच सोसत नसेल तर डोस कमी करतात, रोझुव्हास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनवर नेतात, किंवा सोबत इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळी गोळी देतात. त्याने एलडीएल आणखी साधारण २० टक्के उतरतं. तेच स्टॅटिनचा डोस दुप्पट करून जेमतेम ६ टक्के मिळतं.

पोटरीचा_प्रश्न: गोळीचं राहू द्या. दुखणं कोणत्या पायात आहे? आणि थांबलं की राहतं का?

धागाकर्ता: आत्ताच विचारलं. उजव्यात. जिन्याच्या वळणावर उभे राहतात, दोन मिनिटांत मोकळं होतं. आधी सांगितलं का नाही म्हटलं तर, "तुम्ही विचारलंत कुठे?"

पोटरीचा_प्रश्न: माझ्या सासऱ्यांचं हेच होतं. पायाच्या धमनीत अडथळा निघाला. हृदयात जे साचलं तेच पायात साचतं. घोट्याचा आणि दंडाचा बीपी मोजून तुलना करतात, सुई नाही की काही नाही. तसं निघालं तर ही गोळी उलट जास्त गरजेची. सोमवारपर्यंत थांबू नका. बसल्या जागी दुखलं किंवा पाऊल गार, निळसर पडलं तर रात्रीसुद्धा न्या.

मेडिकलवाली_ग्वाल्हेर: अगदी! हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ॲटोरव्हास्टॅटिन सकाळी घेतली तरी चालते, ॲस्पिरिनसोबतच द्या म्हणजे आईच्या डोळ्यांसमोर गिळली जाईल. पण सुरू कधी करायची हे डॉक्टरांनाच फोनवर विचारा.

धागाकर्ता: डॉक्टरांशी बोललो. आजपासून परत सुरू, सकाळीच. आणि उद्या ११ वाजता त्यांच्या सहकाऱ्यांकडे पाय दाखवायचा. बाबा विचारतायत, त्या ४३ वापरता येतील का, पैशांच्या आहेत.

मेडिकलवाली_ग्वाल्हेर: जिरावण लागलेल्या? टाकून द्या हो दादा. नवी स्ट्रिप घ्या.