एक्स-रे क्लिअर, तरी घोडी लंगडतेच आहे

दस्तुरीवाला:
माथेरानला आमचे घोडे आहेत, आजोबांच्या काळापासून. त्यातली राणी, काठेवाडी, नऊ वर्षांची. पाऊस उघडल्यावर उतारावर घसरली, तेव्हापासून पुढच्या डाव्या पायाने लंगडते. चालताना फारसं कळत नाही, दुडकी धरली की डोकं वरखाली होतं. घोट्यावर सूज होती म्हणून डॉक्टरांना बोलावलं. वर गाड्यांना बंदी, त्यामुळे एक्स-रेचं छोटं मशीन, गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरीवरून, हातगाडीवर आणलं. घोट्याचे दोन फोटो काढले, ‘हाड क्लिअर आहे’ म्हणाले, इंजेक्शन दिलं, आराम सांगितला. आराम झाला, सूज गेली, लंगडणं आहे तसंच. आता कोणी म्हणतं सोनोग्राफी कर, कोणी म्हणतं मुंबईला नेऊन एमआरआय कर. दिवाळीचा सीझन तोंडावर आहे. कुठलं मशीन लावू?

अकलूजचा नाना:
मशीनच्या नादाला लागू नका. शिरेवर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी) तापल्या लोखंडाचा डाग द्या, महिन्यात पळेल. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालतं.

पागेवाली बाई:
नाना, डाग दिल्यावर घोड्याला महिने-महिने बांधून ठेवतात. बरं वाटतं ते त्या आरामाने. कातडी मात्र कायमची जळते.

दस्तुरीवाले, मी घोड्यांची डॉक्टर आहे, बरीच वर्षं रेसच्या तबेल्यांत काढली. कुठलं मशीन हे नंतर. दुखतंय कुठे, हे तुमच्या पोस्टमध्ये अजून कुठेच नाही. फोटो घोट्याचा काढला, कारण सूज तिथे होती. कामाच्या घोड्यांच्या घोट्यावर असे फुगे असतातच, त्यातले कितीतरी दुखत नाहीत. उलट खुराच्या आत काही मोडलं तर बाहेर सूज दिसायला जागाच नाही, भोवती खुराची टणक भिंत. पुढच्या पायाचं लंगडणं बहुतेक वेळा खुरातच निघतं. म्हणून तुमचा ‘क्लिअर’ एवढंच सांगतो की त्या दिवशी, त्या दोन दिशांनी, घोट्याच्या हाडात काही दिसलं नाही.

आता काय करायचं ते सांगते. आधी वेदनाशामक बंद करा, नाहीतर डॉक्टरांपुढे ती शहाण्यासारखी सरळ धावेल. दुडकीवर समोरून बघा: दुखरा पाय टेकताना डोकं वर उचलते, चांगल्या पायावर खाली सोडते. मग गोल फिरवा, एकदा कडक जमिनीवर, एकदा मऊ मातीवर. कडक जमिनीवर वाढलं तर खूर किंवा हाड, मऊ मातीत वाढलं तर शिरा, असा आमचा ढोबळ अंदाज. नेहमी खरा ठरत नाही, पण दिशा मिळते. खूर चिमट्याने सगळीकडून दाबून बघायला सांगा. आत पू असेल तर तिथेच कळेल, मशीनचे पैसेही वाचतील.

एवढ्यावर ठरलं नाही तर भूल. टाचेच्या वर दोन्ही बाजूंनी नस जाते, तिथे थोडी भूल टोचायची, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा दुडकी. लंगडणं थांबलं तर दुखणं खुराच्या मागच्या भागात. नाही थांबलं तर एकेक टप्पा वर चढायचं, पण सुरुवात खालूनच. वरून सुरू केलं तर खालचं सगळं एकदम बधिर होतं आणि काहीच समजत नाही. एक अट: घोडी पाय टेकतच नसेल तर भूल नको, आधी फोटो. हाड तडकलेलं असेल आणि दुखणंच बंद केलं, तर ती त्या पायावर पूर्ण भार टाकेल.

जागा सापडली की मशीन आपोआप ठरतं. दुखणं नळीच्या (गुडघा ते घोटा यांमधल्या हाडाच्या) मागच्या शिरांमध्ये असेल तर सोनोग्राफी: केस भादरून, दर वेळी दुसऱ्या पायाशी ताडून. तुटलेले तंतू काळ्या ठिपक्यासारखे दिसतात. पहिल्या दोन-चार दिवसांत इजा आहे त्यापेक्षा लहान दिसते, म्हणून काही दिवसांनी पुन्हा बघावं लागतं. खुरात असेल तर पुन्हा एक्स-रे, पण नाल काढून. नालेचं लोखंड हाडाच्या कडा झाकतं. खूर खरवडून तळाच्या खाचांत मऊ माती ठासायची, नाहीतर खाचेतल्या हवेची रेघ मोडल्यासारखी दिसते. मुलांच्या खेळण्यातली प्ले-डो उत्तम, आम्ही तीच वापरायचो.

आणि एमआरआय. घोड्याला उभं ठेवून करायचं मशीन असतं, पाय चुंबकाच्या फटीत ठेवतात. एका वेळी वीतभर भागच दिसतो, तासभर सहज जातो. जागा माहीत नसताना एमआरआय म्हणजे अख्ख्या डोंगरावर बॅटरी मारून हरवलेला खिळा शोधणं. गरज पडलीच तर आधी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. घोडीला टेम्पोत घालून मुंबईला नेणं हा शेवटचा उपाय.

मेलबर्नकर:
बाईंशी सहमत. मी इथे प्राण्यांच्या इस्पितळात रेडिओग्राफर आहे. 2020 च्या मेलबर्न कप शर्यतीत अँथनी व्हॅन डाइक या घोड्याचा पाय मोडला आणि त्याला मारावं लागलं. त्यानंतर 2021 पासून कपसाठी येणाऱ्या परदेशी घोड्यांच्या पायांचं सीटी स्कॅन सक्तीचं झालं. मेलबर्नजवळ वेरिबीला उभ्या घोड्याचं सीटी स्कॅन होतं, फक्त गुंगी देऊन. कॅलिफोर्नियात सांता अनिताच्या रेसकोर्सवर 2019 च्या अखेरीस उभ्या घोड्याचं पेट (PET) स्कॅनही सुरू झालं, त्यात औषध टोचून हाडातली हालचाल बघतात. पण हे सगळं न लंगडणाऱ्या घोड्यातली लपलेली चीर पकडायला. तुमची घोडी लंगडून स्वतःच सांगतेय.

दस्तुरीवाला:
उशिरा लिहितोय, माफ करा. डॉक्टर पुन्हा आले. चिमट्याने पू नाही कळला, पण बाहेरच्या बाजूला दाबलं की पाय ओढायची. टाचेवर भूल दिली आणि थोड्या वेळात डोकं हलायचं थांबलं, मला खरंच वाटेना. मग नाल काढली, पुतण्याची हिरवी प्ले-डो खाचांत भरली (तो अजून रुसलाय) आणि तिरके फोटो काढले. खुराच्या हाडाच्या बाहेरच्या पंखात, म्हणजे मागे पसरलेल्या बाजूच्या टोकात, बारीक रेघ आहे. सांध्यापर्यंत गेलेली नाही. डॉक्टर म्हणाले, घसरली त्याच दिवशी हाच फोटो काढला असता तरी रेघ दिसली असतीच असं नाही. आता ती रेघ जाईपर्यंत बांधून ठेवायची का? दर महिन्याला फोटो परवडणार नाहीत.

पागेवाली बाई:
डॉक्टर बरोबर बोलले. ताजी चीर इतकी बारीक असते की किरण नेमका तिच्या रेषेत गेला तरच दिसते. दहा-पंधरा दिवसांत कडांचं हाड थोडं विरघळतं, मग रेघ रुंद होते.

दर महिन्याला फोटो नको. खुराचं हाड पुष्कळदा चिवट तंतूंनीच जुळतं, घोडी नीट धावायला लागली तरी रेघ फोटोत दिसत राहते. रेघ जायची वाट बघाल तर उगाच बांधून ठेवाल. सांधा वाचलाय, म्हणजे आशा चांगली आहे. मागे आडवी पट्टी (बार) असलेली नाल, दोन्ही बाजूंना खूर धरणारे लोखंडी कान वर काढलेली, म्हणजे खूर फाकणार नाही. सुरुवातीला तबेल्यातच, पुढे हातात लगाम धरून सपाटीवर चालवायचं. तीन ते सहा महिने धरा. हा सीझन गेला, त्यावर वाद नको. भूल आणि औषध नसताना कडक जमिनीवर दोन्ही बाजूंनी गोल दुडकी सरळ आली की मग स्वार, आणि उतार सगळ्यात शेवटी.

दस्तुरीवाला:
सीझनचं आईला सांगायचं आहे अजून. बार नाल इथल्या नालबंदाने कधी ठोकलेली नाही.

अकलूजचा नाना:
आमच्या बाजारात येणारा एक नालबंद ठोकतो, कान काढून. व्यक्तिगत निरोप टाका, नंबर देतो. जुनी नाल आणि तो खुराचा फोटो त्याला आधी पाठवा, माप त्यावरून घेईल.