टिगच्या पॅनेलवरची ‘ड्युटी’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न: कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आर्गन (टिग) वेल्डिंगचं काम करतो. नव्या मशिनवर पल्सचे, म्हणजे करंट सतत वर-खाली करायचे, पीक (वरचा करंट), बेस (खालचा करंट), ड्युटी, फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती पल्स) असे चार आकडे लावावे लागतात. आयटीआय करून आलेल्या पोरांना हे मराठीत कसं सांगायचं? ‘फ्रिक्वेन्सी एकवर आण’ म्हटलं की ते एसीची फ्रिक्वेन्सी शोधत बसतात. पल्सला ‘स्पंद’ म्हणावं का?

प्रतिसाद: स्पंद शब्द बरोबर आहे, पण तो भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला. मशिनसमोर उभं राहून कुणी म्हणेल असं वाटत नाही. मी ‘ठोका’ म्हणेन. नाडीचा असतो तसा करंटचा ठोका. ‘सेकंदाला एक ठोका’ म्हटलं की एसीच्या फ्रिक्वेन्सीशी गल्लत होत नाही, कारण ती साठ ते सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असते. हात बसेपर्यंत ठोका सेकंदाला एकच ठेवावा. पीकला वितळलेल्या धातूचं डबकं चकाकतं, तेव्हा फिलरचं (भरायच्या तारेचं) टोक लावायचं. बेसला टॉर्च किंचित पुढे सरकवायची.

पीक आणि बेस तसेच राहू द्या, सगळ्यांच्या तोंडात बसलेत. खरी अडचण ‘ड्युटी’ची आहे. मशिनच्या पाटीवर ‘ड्युटी सायकल ६० टक्के’ लिहिलेलं असतं, म्हणजे त्या करंटला दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती. पल्सची ड्युटी म्हणजे एका ठोक्यातला पीकचा वाटा. दोन्हींना एकच शब्द वापरणं मला तरी धोक्याचं वाटतं. पल्ससाठी सरळ ‘पीकचा वेळ’ म्हणा.

२ मिलिमीटर पत्र्याचं उदाहरण घ्या. पीक १२० अँपिअर, बेस त्याच्या ४० टक्के म्हणजे ४८, पीकचा वेळ ५० टक्के. सरासरी ८४ अँपिअर पडते. पत्रा तापून डबकं पसरायला लागलं तर पीक तसंच ठेवून पीकचा वेळ ४० वर आणा. सरासरी ७७ च्या आसपास येते. मुलांना हा हिशोब कागदावर करायला लावा, शब्द आपोआप पक्के होतात.

दुसरा प्रतिसाद: ‘ठोका’बद्दल एक शंका. फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये ‘ठोका’ म्हणजे हातोडा मारा. शिरोलीला आमच्याकडे नुसतं ‘पल्स किती?’ विचारतात आणि उत्तर ‘सेकंदाला दीड’ असं देतात. ‘सेकंदाला’ म्हटलं की घोटाळा राहत नाही.

आणि ॲल्युमिनियमला एसी वापरताना ‘बॅलन्स’, म्हणजे एसीच्या निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह बाजूंची वाटणी, विसरू नका. काही मशिनवर तो आकडा इलेक्ट्रोड निगेटिव्हचा, तर काहींवर सफाईचा, म्हणजे पॉझिटिव्हचा असतो. एकावरचे ७० म्हणजे दुसऱ्यावरचे ३०. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, वरची ऑक्साईडची साय २,००० च्याही वर. ती फोडते एसीची पॉझिटिव्ह बाजू, पल्स नव्हे. डबकं काळवंडलं की पोरं पल्स फिरवत बसतात. आधी पत्रा स्टेनलेसच्या ब्रशने घासलाय का आणि आर्गन नीट येतोय का, ते बघायला सांगा.

प्रश्नकर्ता: ‘पीकचा वेळ’ आणि ‘सेकंदाला’ हे दोन्ही उद्यापासून वापरतो. डाउनस्लोपला, म्हणजे शेवटी करंट हळूहळू कमी करण्याला, आम्ही आधीपासून ‘उतार’च म्हणतो. करंट झटक्यात तोडला की शिवणीच्या टोकाला खड्डा पडतो आणि तडा तिथूनच जातो, म्हणून ‘उतार दे, वायर घाल, मग सोड’ एवढं पोरांना तोंडपाठ आहे.