'डफरीन' की 'डफरीण'?

प्रश्न : आमच्या सोलापुरात डफरीन चौक आहे. माझी आजी मात्र 'डफरीण' म्हणायची, पाटलीण-मास्तरीण म्हणावं तसं. हा शब्द मूळचा कुठला? स्त्रीलिंगी आहे का?

उत्तर : आजींचा 'ण' व्युत्पत्तीला धरून नाही, पण अर्थाच्या फार जवळ आहे. डफरीन हे उत्तर आयर्लंडमधल्या एका भागाचं नाव. त्यावरून सरदारकी आणि सरदारकीवरून लॉर्ड डफरीन, १८८४ ते १८८८ या काळातले आपले व्हाइसरॉय, म्हणजे मोठे लाटसाहेब.

आपल्या बोलण्यातला शब्द मात्र त्यांच्या पत्नीमुळे रुजला. लेडी डफरीन, नाव हॅरियट. पडद्यातली बाई पुरुष डॉक्टरपुढे येत नाही आणि उपचारांवाचून राहते, हे दुखणं राणी व्हिक्टोरियाने त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी १८८५मध्ये देशभर निधी उभारला. स्त्री डॉक्टर, नर्स, सुइणी यांचं शिक्षण आणि बायकांचे वेगळे दवाखाने, हे त्याचं काम. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या त्या १८८६मध्ये! तेव्हा ही गरज केवढी होती ते बघा.

मी अमरावतीचा. इथे पाटीवर 'जिल्हा स्त्री रुग्णालय' आहे, तोंडात 'डफरीन'. "सुनेले डफरीनमधी भरती केलं" म्हटलं की बाळंतपण, पुढे विचारावं लागत नाही. मोठा सरकारी दवाखाना तो 'इर्विन'. तेही एका व्हाइसरॉयचंच नाव. आम्ही 'ते डफरीन' म्हणतो, बहुधा 'हॉस्पिटल'च्या लिंगावरून. 'डफरीनात' असं मी कधी ऐकलं नाही; 'डफरीनला', 'डफरीनमध्ये' एवढंच.

मुंबईहून : आमच्याकडे डफरीन म्हणजे जहाज. व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणारं, १९२७ ते १९७२ या काळात चाललेलं. 'तो डफरीनचा' म्हटलं की मुलगा बोटीवर आहे हे कळायचं.

उत्तर : बरोबर, पण जहाजाला नाव लॉर्डसाहेबांचं. दवाखान्यांना बाईंचं, तेही नवऱ्याच्या सरदारकीतून आलेलं. हॅरियट नावाचा दवाखाना मी आपल्याकडे ऐकलेला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लिहिताना 'न'च लिहा. आजींचं बोलणं लिहून ठेवणार असाल तर मात्र त्यांचा 'ण' तसाच राहू द्या.