इटारसीचा वैभव ओळखीचा वाटतो

कुणीतरी म्हटलंय, कोट्यातल्या आयआयटी-क्लासच्या पोरांवरच्या ‘कोटा फॅक्टरी’ या वेब सिरीजचा २०१९चा पहिला सीझन संथ आहे, ५ भागांत काहीच घडत नाही. अहो, अकरावीत घडतं तरी काय? यातला नायक वैभव इटारसीचा, म्हणजे आमच्या नागपूर-दिल्ली गाडीच्या वाटेवरचाच. क्लासमधली ए-टेन ही खालची बॅच मिळाल्यावरचा त्याचा पडलेला चेहरा मी नागपुरात धरमपेठेत क्लासबाहेर, सायकलच्या हँडलवर कोपर टेकून उभ्या पोरांत रोज पाहायचो. (इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीनं माझंही डोकं खाल्लं होतं.) सिरीजचा कृष्णधवल प्रकार आधी नाटकी वाटला, मग विसरलो. त्यातले शिकवणारे जितू भैया मात्र जरा जास्तच शहाणे, प्रत्येक गोष्टीवर भाषण तयार! आमचे सर रोल नंबरानं हाका मारायचे. त्या भाषणांपेक्षा वैभव झालेल्या मयूर मोरेचं गप्प बसणं मला जास्त पटलं.