गॅस गिझर मधेच विझतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोथरूडला राहतो, शेवटचा मजला, डोक्यावर थेट टाकी, त्यामुळे पाण्याला जोर बेताचाच. थंडी पडली आणि गॅस गिझरने असहकार पुकारला. नळ सोडला की टक्-टक्-टक् ठिणगी, निळी ज्योत पेटते आणि मोजून दहा सेकंदांत फुस्स! साबण लावलेला माणूस आतून ओरडतोय, हे रोजचंच झालंय.

दोन्ही सेल नवे घातले. पाण्याच्या इनलेटची जाळी काढली, तर क्षाराचा पांढरा थर. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून घासली. फरक शून्य. शेगडी मस्त चालते, म्हणजे गॅस नीट येतोय.

मेकॅनिक म्हणतो, डायफ्राम (पाण्याच्या दाबाने गॅस उघडणारा रबरी पडदा) गेलाय, अख्खा वॉटर व्हॉल्व्ह बदला. पण डायफ्राम फाटला असता तर मुळात पेटलाच नसता ना? मला ज्योत ओळखणाऱ्या सेन्सरच्या पिनवर संशय आहे, काजळी धरली असेल. ती बारीक पॉलिश पेपरने घासली तर चालते का? की पाण्याचा जोरच कमी पडतोय आणि प्रेशर पंप बसवावा लागेल?

उन्हाळ्यात सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर आलो, तेव्हा जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं) बदलून घेतले होते. गिझर ड्राय बाल्कनीत आहे, बाथरूममध्ये नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडवरून ओरडा नको. अनुभव असलेल्यांनी सांगा, प्लीज. सध्या पातेल्यात पाणी तापवतोय.